मासेरातीला वाचवलं कोणी?

मासेरातीच्या गाडीवरचा त्रिशूळ तुम्ही पाहिला असेल. रस्त्यावर नाही, तर निदान मोबाइलवर. बोलोन्या शहराच्या चौकात नेपच्यूनचा पुतळा आहे, त्याच्या हातातला हा त्रिशूळ. 1914 साली आल्फिएरी मासेरातीने भावांना घेऊन याच शहरात वर्कशॉप काढलं आणि 1926 मध्ये स्वतःच्या नावाची पहिली गाडी शर्यतीत उतरवली. अशा कंपन्यांचा इतिहास बहुतेकदा असाच सांगतात: ध्येयवेडे भाऊ, वेग, चषक. त्यात खोटं काही नाही. पण एक साधा प्रश्न विचारून बघा. ही कंपनी एकदा नाही, अनेकदा बुडायला आली. मग टिकली कशी?

उत्तर शोधायचं तर आधी मालक बघू. 1932 मध्ये आल्फिएरी वारला आणि 1937 मध्ये उरलेल्या भावांनी कंपनी मोदेनाच्या आदोल्फो ओर्सीला विकली. भंगाराच्या धंद्यातून वर आलेला, पोलाद आणि शेतीच्या यंत्रांत पैसा कमावलेला हा उद्योजक. करारानुसार भाऊ आणखी दहा वर्षं तिथे काम करत राहिले आणि 1947 मध्ये बाहेर पडले. दरम्यान ओर्सीने कारखाना मोदेनाला आणला होता. म्हणजे नाव मासेराती, पण मासेराती घराण्यातलं कोणीच नाही, अशी ही कंपनी गेली पाऊणशे वर्षं आहे.

आता गाड्या जरा बाजूला ठेवू. याच ओर्सीची मोदेनात एक मोठी फाउंड्री होती, फोंदेरिए रिउनिते. महायुद्धानंतर तिथे कामगारकपातीवरून वाद पेटला आणि मालकाने टाळेबंदी केली. 9 जानेवारी 1950 रोजी त्याविरुद्ध शहरात संप झाला. फाउंड्रीपाशी जमलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. सहा कामगार ठार झाले. गाड्यांच्या इतिहासात हा दिवस सहसा येत नाही. मोदेनाच्या इतिहासात मात्र तो टाळताच येत नाही. तुम्ही म्हणाल, याचा स्पोर्ट्स कारशी काय संबंध? संबंध पंचवीस वर्षांनी कळतो.

1957 साली फान्जिओने मासेराती 250एफ चालवून जगज्जेतेपद जिंकलं. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने शर्यतीतला आपला अधिकृत संघ बंद केला! कारण सरळ आहे, तिजोरीत पैसे नव्हते. त्यात नोव्हेंबरमध्ये काराकासच्या शर्यतीत संघाच्या गाड्यांचा चुराडा झाला. यापुढे कंपनी जगली ती श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी बनवलेल्या 3500 जीटीसारख्या रस्त्यावरच्या गाड्यांवर.

1968 मध्ये फ्रान्सच्या सित्रोएनने मासेरातीचा ताबा घेतला. त्यांना आपल्या मोठ्या गाडीसाठी दमदार इंजिन हवं होतं, आणि 1970 च्या सित्रोएन एसएममध्ये मासेरातीचं व्ही6 इंजिन बसलंसुद्धा. पण 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले. पेट्रोल पिणाऱ्या गाड्या घेणार कोण? सित्रोएन स्वतःच अडचणीत येऊन पूजोच्या हातात गेली. 23 मे 1975 रोजी जाहीर झालं की मासेराती अवसायनात निघतेय.

माझ्या मते या कंपनीच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा काळ म्हणजे त्यानंतरचे अडीच महिने. कामगार आणि संघटनांनी कारखाना बंद होऊ द्यायला नकार दिला. कम्युनिस्टांच्या हातात असलेली मोदेनाची नगरपालिकाही त्यांच्या बाजूने उभी राहिली. जरा गंमत बघा, अतिश्रीमंतांच्या खेळण्याचा कारखाना चालू राहावा म्हणून लाल झेंडेवाले धडपडत होते! पण त्यांच्या दृष्टीने ते खेळणं नव्हतंच. शहरातल्या फिटर, टर्नर, ओतारी लोकांचं पिढ्यान्‌पिढ्या जमवलेलं कसब त्यात होतं. एकदा कारखान्याला कुलूप लागलं की ही माणसं पांगतात, आणि मग त्यांना परत गोळा करता येत नाही.

ऑगस्टमध्ये तोडगा निघाला. जेपी नावाची एक सरकारी संस्था होती. आजारी कारखान्यांत सार्वजनिक पैसा घालायचा, घडी बसवायची आणि मग ते पुन्हा खासगी हातांत द्यायचे, यासाठीच 1971 मध्ये ती काढलेली. जेपीने बहुतांश भांडवल घातलं आणि कारभार मूळच्या अर्जेंटिनाच्या आलेहान्द्रो दे तोमासोकडे दिला. 1950 मध्ये याच शहरात कामगारांसमोर राज्यसंस्था बंदूक घेऊन उभी होती. 1975 मध्ये ती चेकबुक घेऊन आली.

मग सगळं गोड झालं का? नाही. दे तोमासोने 1981 च्या डिसेंबरमध्ये बाजारात आणलेली बीतुर्बो तुलनेने स्वस्त होती. इटलीत 2 लिटरवरच्या इंजिनांना जबर व्हॅट लागायचा, म्हणून इंजिन 2 लिटरच्या आत ठेवून त्याला दोन टर्बो जोडलेले. गाडी हजारोंनी खपली, पण बिघाडांमुळे तिचं नाव खराब झालं. तिची जुळणी व्हायची मिलानच्या इन्नोचेन्ती कारखान्यात. आपल्याकडे भांडुपला एपीआय ज्या लॅम्ब्रेटा स्कूटर बनवायची, त्या मूळच्या याच इन्नोचेन्तीच्या. तो कारखानाही जेपी आणि दे तोमासोनेच वाचवला होता. 1993 मध्ये मासेराती पूर्णपणे फियाटकडे गेली आणि त्याच वर्षी इन्नोचेन्तीतलं उत्पादन थांबलं. मोदेनाचा कारखाना राहिला, मिलानचा गेला.

म्हणून कुठल्याही ब्रँडचा इतिहास वाचताना दोन गोष्टी तपासत जा: तोट्याच्या वर्षांत पैसा कोणाचा होता, आणि कारखाना बंद पडायची वेळ आली तेव्हा दारात कोण उभं होतं. संस्थापकांच्या गोष्टीत याची उत्तरं नसतात. मासेरातीच्या बाबतीत ती सरकारी तिजोरीत आणि मोदेनाच्या कामगार वस्त्यांत सापडतात.