मान पदाचा की घराण्याचा? प्रॉडक्ट मॅनेजर या नोकरीचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ थांबले होते. मुलगा संगणक अभियंता, चार वर्षं नोकरी झालेली. आता कर्ज काढून एमबीए करायचं म्हणतोय, कारण त्याला प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय. त्यांनी विचारलं, "गूगलमधला प्रॉडक्ट मॅनेजर मोठा, मायक्रोसॉफ्टमधला मोठा, की अ‍ॅपलमधला?" आम्ही तेव्हा उत्तर टाळलं. ते राहिलेलं उत्तर आज देऊ.

सुरुवात साबणापासून करावी लागते. अमेरिकेत सिनसिनाटी शहरात प्रॉक्टर अँड गँबल ही कंपनी. तिथे नील मॅकेलरॉय नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण 'कॅमे' साबणाच्या जाहिराती पाहत होता. त्याच कंपनीचा 'आयव्हरी' साबण थोरल्या भावासारखा, सगळं लक्ष आणि पैसा तिकडेच. १३ मे १९३१ रोजी मॅकेलरॉयने तीन पानी टिपण लिहिलं. मागणी एवढीच, की प्रत्येक ब्रँडला त्याचा स्वतःचा माणूस हवा; खप का घटला, जाहिरात कुठे चुकली, याचा जाब त्याने द्यायचा. या माणसाला नाव मिळालं 'ब्रँड मॅन'.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. या माणसाकडे जबाबदारी पूर्ण, पण कारखाना त्याच्या हुकमात नाही. म्हणजे कारभारी आहे, सरदार नाही. हाताखाली फौज नाही, आणि तरी मोहिमेचा जाब त्यालाच. कारभाऱ्याचा मान कशावर ठरतो? दरबारात त्याचा शब्द कोण ऐकतं, यावर.

जाता जाता सांगतो, हा मॅकेलरॉय पुढे अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. त्याच्याच कारकिर्दीत १९५८ साली 'अर्पा' ही संशोधन संस्था निघाली आणि तिच्या पैशातून १९६९ मध्ये इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं जाळं सुरू झालं. साबणवाल्याचा संगणकाशी संबंध असा दोन बाजूंनी येतो.

आता संगणकाच्या कंपन्यांकडे वळू. मायक्रोसॉफ्टमध्ये १९८० च्या दशकात मॅकिंटॉशसाठी एक्सेल तयार होत होतं. प्रोग्रामर कोड लिहिणार, पण वापरणाऱ्याला नेमकं काय हवंय हे कोण ठरवणार? जेब ब्लुमेंथाल यांनी ते काम अंगावर घेतलं आणि त्यातून 'प्रोग्राम मॅनेजर' हे पद तयार झालं. प्रॉडक्ट नव्हे, प्रोग्राम. प्रोग्रामर त्याच्या हाताखाली नसत. आराखडा लिहायचा आणि लोकांना पटवायचं, हीच त्याची ताकद. पण तो आराखडा खुद्द बिल गेट्स वाचत आणि बारकाईने उलटतपासणी घेत. मालक स्वतः तुमचं लिखाण वाचतो म्हटल्यावर पदाला वजन येणारच.

गूगलची गोष्ट निराळी. घर अभियंत्यांचं. २००१ साली लॅरी पेज यांनी अभियंत्यांवरचे व्यवस्थापकच काढून टाकायचा घाट घातला होता. अशा घरात बाहेरून आलेल्या एमबीएवाल्याचं कोण ऐकणार? २००२ मध्ये मरिसा मायर यांनी तोडगा काढला: कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, कोड समजणारी मुलं घ्यायची आणि त्यांना 'असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर' म्हणून घडवायचं. त्या पहिल्या मुलांपैकी ब्रेट टेलर यांचा पुढे गूगल मॅप्सच्या घडणीत मोठा वाटा होता. सुंदर पिचाई २००४ मध्ये याच खात्यात आले, क्रोम उभं केलं आणि २०१५ मध्ये कंपनीचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे एमबीए होतं, हेही सांगायला हवं. पण त्याआधी खरगपूरची अभियांत्रिकी होती. या नोकरीला आज जी झळाळी आहे, तिचा बराच भाग या शिडीतून आलाय. खालच्या पायरीवरून वरचा माणूस दिसतो ना!

आणि अ‍ॅपल? १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स परतले आणि त्यांनी वेगवेगळ्या विभागांचे स्वतंत्र प्रमुख काढून टाकले. डिझाइन, हार्डवेअर, सॉफ्टवेअर अशी कामाप्रमाणे खाती केली. वस्तू कशी असावी याचा निर्णय त्या त्या विषयातल्या जाणकारांकडे गेला. त्यामुळे गूगलमधल्या प्रॉडक्ट मॅनेजरशी अ‍ॅपलमधला माणूस ताडून पाहायला गेलं की हिशेब जुळत नाही. कंपनी जगातली सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक असेल, पण हे पद तिथे त्याच वजनाचं असेल असं नाही.

अ‍ॅमेझॉनमध्ये वजन लेखणीला आहे. २००४ मध्ये जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकीत पॉवरपॉइंट बंद केलं. सहा पानांचं टिपण लिहायचं, सगळ्यांनी आधी शांतपणे वाचायचं, मग बोलायचं. ज्याला मुद्देसूद लिहिता येतं, त्याचा मान तिथे वाढतो.

म्हणजे पाहा, नाव जवळपास एकच, पण मानाचा झरा प्रत्येक ठिकाणी वेगळा: कुठे मालकाची नजर, कुठे कोडची जाण, कुठे लेखणी. आणि हा मान कायमचा नसतो. २०२३ मध्ये एअरबीएनबीचे ब्रायन चेस्की यांनी डिझायनरांच्या परिषदेत सांगितलं, की आम्ही प्रॉडक्ट मॅनेजमेंटचं काम मार्केटिंगच्या कामाशी जोडून टाकलं. सभागृहात टाळ्या पडल्या. ज्यांच्यावर अधिकार नाही त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचं असतं, त्यांनीच टाळ्या वाजवाव्यात, यातून काय ते समजा.

तर त्या गृहस्थांना आमचं उत्तर असं. कोणत्या कंपनीतला मोठा, हा प्रश्न बाजूला ठेवा. मुलाने मुलाखतीत विचारावं: "इथे काय बनवायचं नाही, हे शेवटी कोण ठरवतं? आणि त्या माणसापर्यंत माझा शब्द कसा पोहोचेल?" याचं उत्तर मिळालं की त्या पदाचा खरा मान कळेल. कर्जाचं म्हणाल, तर एमबीए वाईट नाही. पण कोड लिहिण्यात गेलेली त्याची चार वर्षं वाया गेलेली नाहीत. गूगलने तर या पदाचा दरवाजाच तसल्या मुलांसाठी उघडला होता. आधी तेवढं भांडवल वापरून पाहावं, कर्जाचं मग बघू.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न.