हेपारिन
रक्त गोठण्याच्या क्रियेस प्रतिबंध करणारे, पोटातून शोषले जात नसल्यामुळे शिरेत वा त्वचेखाली टोचूनच द्यावे लागणारे औषध. १९१६ साली बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, विल्यम हॉवेल यांच्या हाताखाली रक्त गोठविणाऱ्या द्रव्याचा तलास करीत असता, जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्यास नेमके उलट गुणाचे द्रव्य सापडले, हा विज्ञानातील एक रम्य विपर्यासच होय. पुढे १९१८ मध्ये हॉवेल यांनी, कुत्र्याच्या यकृतातून ते काढलेले असल्याने, यकृतवाचक ग्रीक शब्दावरून त्यास प्रस्तुत नाव दिले. आज मात्र ते मुख्यत्वे डुकराच्या आतड्याच्या श्लेष्मल अस्तरापासून मिळवितात, आणि नाव तेवढे यकृताचे उरले आहे.

रक्तातील अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनास ते शतपटींनी कार्यप्रवण करते. तयार झालेली गुठळी ते स्वतः विरघळवीत नाही, तिची वाढ रोखते. पायाच्या खोल शिरांतील व फुप्फुसातील गुठळ्यांवर, तसेच शस्त्रक्रियेनंतर प्रतिबंधार्थ ते योजतात. एनॉक्सापॅरिनसारखे लघुरेणुभारी प्रकार त्वचेखाली ठराविक मात्रेत देता येत असल्याने रुग्णास घरीही घेता येतात. रक्तस्राव हा प्रमुख धोका. क्वचित बिंबाणू घटून उलट गुठळ्याच होतात. हेपारिनावरील उतारा प्रोटामीन. लघुरेणुभारी प्रकारांवर तो अपुरा पडतो.