गऱ्यांचं तळण : कढईतून हवेत

मे महिना लागला की आपल्या केंद्रावर हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "मुलाने एअर फ्रायर आणून दिलाय, त्यात फणसाचे गरे कुरकुरीत होतात का?" हो किंवा नाही म्हटलं की प्रश्न संपतो, पण आजची पंधरा मिनिटं मला या गऱ्यांचा इतिहास सांगायचाय. तो कळला की उत्तर आपोआप मिळेल, आणि त्या यंत्राकडून काय मागायचं नि काय नाही, हेही कळेल.

सुरुवात नावापासून करू. आपला फणस संस्कृतातल्या 'पनस'वरून आला. इंग्रजीतला 'जॅकफ्रूट' मात्र कुणा जॅक नावाच्या माणसाचा नव्हे. मल्याळम भाषेत फणसाला 'चक्का' म्हणतात. पोर्तुगीजांनी त्याचं 'जाका' केलं आणि इंग्रजांनी 'जॅक'. म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचा शब्द जगभर फिरून आपल्याच दुकानात पाकिटावर इंग्रजी होऊन परत आला. केरळने २०१८ साली फणसाला राज्यफळाचा मान दिला. आपल्याकडे आंब्याच्या कौतुकापुढे फणस नेहमी मागच्या पडवीत राहिला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसंच.

परदेशी पाहुण्यांनी मात्र फणसाकडे डोळे विस्फारून पाहिलं. चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेला इब्न बतूता लिहितो, की या झाडाला फळ खोडातून येतं आणि त्याचे दोन प्रकार आहेत, 'शकी' आणि 'बरकी'. जमिनीलगत लागतो तो बरकी आणि तोच जास्त गोड, असं त्याचं म्हणणं. आता 'बरकी' ऐकल्यावर कोकणातल्या कुठल्या बाईला आपला बरका आठवणार नाही? फक्त आपण बरका आणि कापा हे फळाच्या उंचीवरून ठरवत नाही, गऱ्यावरून ठरवतो. बरका मऊ, रसाळ, घशात सरकणारा. कापा घट्ट, सुरीने कापता येणारा. बतूताला कुणी नीट समजावून सांगितलं नसावं, किंवा त्याने ज्याला विचारलं त्याने कधी फणस फोडलेला नसावा! पुढे बाबराने आपल्या आठवणींत फणसाची तुलना मेंढीच्या उलट्या केलेल्या कोथळ्याशी केली. दिसायला कुरूप आणि चवीला नको इतका गोड, असा त्याचा शेरा. बादशहाला फणस मानवला नाही, एवढंच म्हणू.

आपल्या जवळचा साक्षीदार म्हणजे गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला, गोव्यात राहिला, मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. हिंदुस्थानातल्या औषधी आणि फळांवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. दोन माणसांच्या संवादाच्या रूपात लिहिलेल्या त्या पुस्तकात फणसावर एक प्रकरण आहे. मला त्या पुस्तकातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती वाटते ती अंतोनिया. ती ओर्ताच्या घरातली गुलाम बाई. दोघे पुरुष बसून चर्चा करतात आणि हाक मारली की अंतोनिया झाडपाला किंवा फळ आणून समोर ठेवते. ती कुठली, तिने ते झाड कसं ओळखलं, घरी त्याचं काय करत असे, यातलं काही कुणी तिला विचारत नाही. चारशे साठ वर्षं झाली, आणि फणसाच्या इतिहासात बाईचा भाग अजून तेवढाच आहे. तिने आणून ठेवलं, बाकीच्यांनी लिहिलं.

म्हणून तळलेल्या गऱ्यांचा इतिहास कागदावर शोधायला गेलं की हाती फार लागत नाही. तळणं आपल्याकडे जुनंच. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात तळलेल्या पदार्थांचं वर्णन आहे. पण ते राजाचं ताट. घरातली कढई कोकणात वेगळ्याच कारणाने चढायची, आणि ते कारण म्हणजे आगोट.

पाऊस लागला की चार महिने बाजार बंद, खाडीला उधाण, होड्या ओढून वर ठेवलेल्या. त्याच्या आत घरात बेगमी हवी. सुकी मासळी, मिरच्या, कोकम, पापड, आणि झाडावर एकदम तयार होणारे फणस. एका झाडाला शंभराच्या घरात फणस लागू शकतात आणि एकेक फणस दहा-पंधरा किलोचा, कधी तीसच्याही वर. ते सगळे महिना-दीड महिन्यात खायचे कसे? मग घरातल्या बाईने त्यांची वाटणी केली. बरक्याचा रस काढून तेलाचा हात फिरवलेल्या ताटात पसरायचा, उन्हात वाळवायचा, की झाली फणसपोळी. आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात ठेवायच्या, पावसात भाजीला किंवा भाजून खायला. आणि कापा फणस पूर्ण वाढलेला पण न पिकलेला असा हेरून उतरवायचा, तो तळणासाठी.

हे हेरणं महत्त्वाचं आहे. फणसावर थाप मारून आवाजावरून ओळखतात. काटे किती फाकलेत ते पाहतात. एक-दोन दिवस चुकले तर सगळं फसतं. का, ते सांगते. कच्च्या गऱ्यात पिष्ट असतं, म्हणजे स्टार्च. पिकताना त्या पिष्टाची साखर होते. पिष्टाचा गरा तापला की त्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं, मागे जाळीदार सांगाडा उरतो, तोच कुरकुरतो. साखरेचा गरा मात्र आतून वाळायच्या आधी बाहेरून करपतो. पिकलेला गरा कढईत काळा पडतो आणि मऊच राहतो, हे कुठल्याही शास्त्राआधी आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं.

मग काम सुरू. कोयत्याला आणि हाताला खोबरेल, नाहीतर चीक सुटता सुटत नाही. फणसाचे तुकडे, मधला दांडा काढायचा, एकेक गरा पात्यांतून सोडवायचा, आठळी बाहेर, गऱ्याचे उभे सारखे काप. दहा किलोच्या फणसाला दोघी-तिघी बसल्या तरी सकाळ जाते. नंतर चूल, कढई, खोबरेल तेल. काप तेलात सोडले की प्रचंड आवाज होतो. तो आवाज म्हणजे पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय. अर्धवट तळल्यावर मीठ-हळदीच्या पाण्याचा चमचा थेट उकळत्या तेलात. नवख्या सुनेला हे पाहून धडकीच भरते, कारण तेल एकदम उसळतं. पण त्यानेच मीठ प्रत्येक कापाला सारखं लागतं. मग हळूहळू आवाज बसत जातो. तेल शांत झालं आणि झाऱ्यावर काप खडखड वाजले की काढायचे. घड्याळ नाही, तापमान नाही, सगळं कानाने.

या कानाच्या ज्ञानाला छापील पुस्तकात जागा मिळायला वेळ लागला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं. पाकक्रियांच्या या जुन्या छापील मराठी पुस्तकाचा लेखक पुरुष, हे लक्षात ठेवा. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० चं. आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली, जिने वाटी आणि चमच्याची मापं घराघरांत नेली. ज्या मुली आईपासून लांब, शहरातल्या दोन खोल्यांत संसार मांडत होत्या, त्यांना "अंदाजाने घाल" सांगणारं शेजारी कुणी नव्हतं. मापाची गरज तिथून आली. आज यंत्राच्या काचेवर अंश आणि मिनिटं दिसतात, ती त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे असं मी समजते.

कोकणातले पुरुष तोवर मुंबईच्या गिरण्यांत होते. गावाला मनिऑर्डर येई, आणि चाकरमानी परत निघाला की त्याच्या पिशवीत फणसपोळी आणि गऱ्यांचा डबा जाई. मनिऑर्डरीची पावती असे. डब्याची पावती कधीच नव्हती. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, महामार्गावर दुकानं वाढली, आणि डब्याचं पाकीट झालं. आज बचतगटाच्या बायका गरे विकतात. हिशेबाच्या वहीत तेल असतं, पिशव्या असतात, गॅस असतो. फणस सोलणाऱ्या तिघींची सकाळ पुष्कळदा वहीत नसते. "घरचंच आहे ना" म्हणून. गऱ्यांच्या भावाबद्दल घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दोष देत नाही. जे आपण लिहिलंच नाही त्याचे पैसे तो कसे देईल?

आता येऊ यंत्राकडे. एअर फ्रायर नावाने नवा, पण गरम हवा पंख्याने फिरवून शिजवण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. अमेरिकेत विल्यम मॅक्सन नावाच्या माणसाने विमानात गोठवलेलं जेवण गरम करायला पंखा लावलेली छोटी भट्टी बनवली. पुढे नेदरलँड्समध्ये फ्रेड व्हॅन डर वाय यांना घरी बटाट्याच्या फोडी कमी तेलात कुरकुरीत करायच्या होत्या. त्यांच्या खटपटीतून आलेलं यंत्र फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलं. म्हणजे हे यंत्र घडलं बटाट्यासाठी, थंड हवेच्या देशात. त्यात तळण होत नाही, नावात असलं तरी. वर तापणारी तार, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. जोरदार गरम हवा पदार्थाच्या अंगावरचं पाणी भराभर पळवते. ती एक छोटी, वेगवान भट्टीच आहे.

त्यात गरे होतात का? होतात. कच्च्या काप्याचे पातळ काप मीठ-हळदीच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, कारण इथे उकळतं तेल नाही, मीठ आधीच लावावं लागतं. मग फडक्यावर पूर्ण कोरडे करा, पंख्याखाली तासभर. पाव किलोला दोन चमचे खोबरेल चोळा. टोपलीत एकच थर, १६० अंश, पंधरा ते वीस मिनिटं, दर पाच मिनिटांनी हलवायचं. बाहेर काढल्यावर मऊ वाटले तर घाबरू नका, गार झाल्यावर कडक होतात. चव कढईची नाही. खोबरेलात पोहलेल्या गऱ्याचा खुसखुशीतपणा यात येत नाही, थोडा कोरडा, भाजका लागतो. पण बटाट्याच्या वेफरच्या वजनात जवळजवळ तिसरा हिस्सा तेल असतं, हे ज्यांना डॉक्टरांनी बजावलंय त्यांना हा फरक मोलाचा आहे. तेल गेलं म्हणजे सगळी काळजी मिटली असंही नाही. पिष्टाचे पदार्थ फार तांबडे केले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं द्रव्य तयार होतं. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हे दाखवलं. ते कढईत होतं तसंच गरम हवेतही होतं. म्हणून गरे सोनेरी असतानाच काढा.

पिकलेल्या गऱ्यांचे कुरकुरीत काप, जे व्हिएतनाम-थायलंडहून पाकिटात येतात, ते घरच्या यंत्रात करायला जाऊ नका. ते निर्वात कढईत तळलेले असतात. हवा काढून घेतली की पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे साखर करपायच्या आत गरा वाळतो. आपल्या टोपलीत पिकला गरा ७०-८० अंशांवर चार-पाच तास ठेवलात तर चिवट, गोड, चघळायला छान असं काहीतरी होतं. कुरकुरीत नाही. त्यापेक्षा फणसपोळी घाला, ऊन फुकट आहे.

आणि एक गणित करून बघा. दहा किलोच्या फणसातून समजा तीन किलो गरे निघाले. टोपलीत एका वेळी पाव किलो मावतात. म्हणजे बारा घाणे, प्रत्येकी वीस मिनिटं, चार तास. दीड हजार वॉटचं यंत्र असेल तर सहा युनिटपर्यंत वीज, तीही गेली नाही तर. कढईत तेच तास-सव्वा तासाचं काम. शिवाय कोयता, चीक, आठळ्या, उभे काप, यातलं काहीच यंत्र करत नाही. ते शेवटची वीस मिनिटं तेवढी वाचवतं. घरच्या चार माणसांसाठी वाटीभर करायचे असतील तर जरूर वापरा. गटाच्या विक्रीसाठी मात्र कर्ज काढून ते घेऊ नका. त्या पैशात आधी काप करायचं चांगलं साधन, हवाबंद पिशव्यांचं सीलिंग यंत्र, आणि वहीत एक जास्तीचा रकाना घ्या, सोलणीच्या तासांचा.

एका कामात मात्र या डच यंत्राला तोड नाही. श्रावणात डबा उघडावा आणि गरे सादळलेले असावेत, हे आपलं दरवर्षीचं दुखणं. ते १२० अंशांवर तीन-चार मिनिटं ठेवा, गार होऊ द्या, पुन्हा खडखड वाजतील. आठळ्याही त्यात सुरेख भाजतात, १८० अंशांवर वीसेक मिनिटं. फक्त प्रत्येक आठळीला आधी सुरीने एक चीर द्या, नाहीतर आत वाफ कोंडून ती फुटते आणि टोपली घासायला पुन्हा तुम्हीच.