९६ की १२८?

स्वयंपाकघरात नव्या ट्रॉल्या करायचं ठरलं की ओट्याचा ग्रॅनाइट आणि लॅमिनेटचा रंग यावर घरात महिनाभर चर्चासत्र चालतं. हँडल मात्र अगदी शेवटी, सुतार "उद्या लागतील बरं का" म्हणाला की घाईघाईत आणली जातात. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "शहाण्णव की एकशे अठ्ठावीस?" आपला चेहरा बघून मग तोच भाषांतर करतो, "म्हणजे चार इंची की पाच इंची?" मला या आकड्याने बरेच दिवस छळलं. ९६ च का? सरळ १०० का नाही? माग काढत गेलो तर भलतीकडेच पोचलो, म्हणून हा लेख.

सुरुवात घरापासून. आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकघराला हँडल हा प्रकार फारसा माहीतच नव्हता. बसून स्वयंपाक, भांडी मांडणीवर उघडीच, तिखट-मीठ-हळद मिसळणाच्या डब्यात हाताशी. ओढायला काही नव्हतंच. दार होतं ते दोघांना: दुधाच्या जाळीच्या कपाटाला आणि भिंतीतल्या फडताळाला. जाळीच्या कपाटाला एका खिळ्यावर फिरणारा लाकडाचा तुकडा असायचा. मांजराला तो फिरवता येऊ नये, एवढंच त्याचं काम. (आमच्याकडच्या एका मांजराला तो येत असे, पण ती कथा पुन्हा कधीतरी.) फडताळाला मात्र कडी-कोयंडा, आणि कित्येक घरांत त्यात कुलूप. तूप, साखर, लाडवांचे डबे आत, आणि किल्ल्यांचा जुडगा घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या कमरेला. सुनेला चमचाभर तूप हवं असलं तरी मागावं लागे. दार ओढायचं तेही त्याच कडीला धरून, म्हणजे ते बंद ठेवण्यासाठी केलेल्या वस्तूला धरूनच ते उघडायचं.

पुढे लोखंडी कपाटं आली तीही कुलपाच्याच घराण्यातली. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला आणि १९२३ पासून तिथे पोलादी कपाटं होऊ लागली. त्या कपाटाचं फिरवायचं हँडल आठवा. शेजारी किल्लीचं भोक आहेच!

त्या मानाने स्वयंपाकघरातला आजचा ड्रॉवर किती वेगळा आहे. नुसती मूठ, किल्लीला जागाच नाही. घरातल्या कुणीही यावं, ओढावं आणि हवं ते घ्यावं. मला या वस्तूचं अप्रूप वाटतं ते यामुळे.

पश्चिमेकडे अशा मुठी आधी बैठकीच्या खोलीतल्या फर्निचरवर आल्या. तिथलं एक गमतीदार सत्य सांगतो. वितळलेली काच साच्यात दाबून वस्तू बनवण्याचं अमेरिकेतलं पहिलं ज्ञात पेटंट पिट्सबर्गच्या जॉन बेकवेलने १८२५ मध्ये घेतलं. कशासाठी? पेल्यांसाठी नव्हे, ताटल्यांसाठीही नव्हे, तर फर्निचरच्या काचेच्या मुठींसाठी!

पण स्वयंपाकघरातल्या खणांचा खरा विचार झाला तो शंभर वर्षांनी, फ्रँकफुर्टमध्ये. पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरांची भीषण टंचाई होती. अर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली शहर नव्या वसाहती बांधत होतं. त्यांतल्या स्वयंपाकघराची आखणी १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या तरुण वास्तुरचनाकार बाईंनी केली. जागा मिळाली जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. त्यात बाईची किती पावलं वाचतात याचं गणित मांडून त्यांनी सगळं बसवलं, आणि अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं उभी राहिली. पीठ ठेवायचे खण ओक लाकडाचे, कारण त्याला कीड लागत नाही असा समज. रंग निळसर, कारण त्यावर माश्या बसत नाहीत असा आणखी एक समज. आणि भिंतीशी ओळीने अ‍ॅल्युमिनियमचे छोटे खण, त्यांवर तांदूळ, साखर अशी नावं. पुढे धरायला मूठ, दुसऱ्या टोकाला निमुळतं तोंड: खण बाहेर काढा आणि थेट पातेल्यात ओता. वाटी नको, चमचा नको. हँडल, डबा आणि माप एकाच वस्तूत! हे मला फार आवडलं. वसाहतीतल्या लोकांची तक्रार मात्र अशी की हे खण लहान मुलांच्या हाताला लागतात. लागणारच! कुलूप काढलं की घरातलं सगळ्यात धाकटं माणूसही उघडणार.

(या बाई पुढे नाझींविरुद्धच्या लढ्यात सामील झाल्या, १९४१ मध्ये पकडल्या गेल्या आणि १९४५ पर्यंत तुरुंगात होत्या. २००० मध्ये, १०३ वा वाढदिवस पाच दिवसांवर असताना त्या गेल्या. ते स्वयंपाकघर आखेपर्यंत आपण कधी घर चालवलं नव्हतं की स्वयंपाक केला नव्हता, असं त्या मोकळेपणाने सांगत. असो.)

आता ते ९६. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत पुन्हा घरं उभी करायची होती, चांगलं लाकूड कमी होतं, आणि भुसा-चिपांपासून दाबून केलेले बोर्ड हाताशी होते. त्यात जुन्या पद्धतीचे सांधे टिकत नाहीत, भोकं पाडून खिट्ट्या आणि स्क्रू बसवावे लागतात. मग एका वेळी ओळीने अनेक भोकं पाडणारी यंत्रं आली. त्यांत शेजारशेजारच्या दोन ड्रिलमध्ये, आतल्या दातेरी चाकांमुळे, ३२ मि.मी. हे सोयीचं अंतर ठरलं असं सांगतात. तेच मग सगळ्या कपाटांचं माप झालं. ३२ त्रिक ९६, ३२ चोक १२८, ३२ पंचे १६०. दुकानदाराचा प्रश्न म्हणजे बत्तिसाचा पाढा आहे!

आपल्या सुतारांनी त्याचं सुरेख देशीकरण केलं. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण सुतार अजून इंच आणि सुतातच बोलतो (आठ सूत म्हणजे एक इंच). त्यामुळे ९६ चं हँडल "चार इंची" म्हणून विकलं जातं. प्रत्यक्षात ते तीन इंच सहा सुतांच्या आसपास भरतं. जुनं, खरोखर चार इंची हँडल काढून त्याच भोकांत हे बसवायला जाल तर साडेपाच मि.मी. कमी पडतात. तेव्हा भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत मोजावं, आणि मि.मी.तच.

हल्ली बिनहँडलची स्वयंपाकघरं जोरात आहेत. नवीन काही नाही, सीमाटिक ही जर्मन कंपनी १९६० पासूनचा दावा सांगते. दिसतात झकास. पण कणकेच्या हाताने त्या खाचेत बोटं घालून बघा. आठवडाभरात खाचेत पीठ आणि तेलाचा थर!

माझं मत हँडलच्या बाजूने, आणि तेही बोटं आरपार जातील अशा. अमेरिकेच्या अपंगसुलभतेच्या नियमांत एक साधी अट आहे: हँडल एका हाताने चालवता आलं पाहिजे, घट्ट पकडावं, चिमटीत धरावं किंवा मनगट पिळावं लागता कामा नये. मिटलेल्या मुठीने उघडता येतं का, ही त्याची घरगुती परीक्षा.

आमच्या घरात आधीच्या मालकांनी बसवलेल्या गोल, गुळगुळीत पितळी मुठी होत्या. दिसायला देखण्या. आईची बोटं संधिवाताने आखडत गेली तशी ती चिमूट धरेना. खालचा डाळींचा ड्रॉवर तिने उघडणंच सोडलं. "जरा तूरडाळ काढून दे रे," असं ती दिवसातून दोनदा म्हणायची, स्वतःच्याच स्वयंपाकघरात. किल्ली हरवलेल्या माणसासारखं. मागच्या दिवाळीत सगळ्या मुठी काढून १६० ची रुंद हँडल लावली. मुठीला मधोमध एकच भोक होतं, ते सुताराने बुजवून दिलंय. रंग नीट जुळला नाही, त्यामुळे हँडलच्या मागे प्रत्येक ड्रॉवरवर एक गोल टिकली दिसते.