तिऱ्हाईत पंचाची कुळकथा

कल्याणजवळच्या आंबिवली-मोहोन्याच्या कुठल्याही मैदानावर टेनिस बॉलची मॅच बघा. अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचाच असतो, आणि म्हणूनच तिथे एलबीडब्ल्यू नसतो. आपल्याच भिडूला पायचीत देऊन संध्याकाळी त्याच कट्ट्यावर बसायचं कसं? आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश होऊ नये, हे वकिलांचं जुनं तत्त्व पोरांनी न शिकताच ओळखलेलं असतं.

मोठ्या क्रिकेटला ते उमगायला फार वेळ लागला. खरं तर हा खेळ कोर्टाच्याच वळणाचा. अपील झाल्याशिवाय बाद देता येत नाही, आणि १७४४च्या पहिल्या लेखी नियमांपासून निकालाचा अधिकार फक्त पंचांचा. तरी कसोटीला दोन्ही पंच यजमान देशाचेच असत. १९१२च्या तिरंगी स्पर्धेत ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिका सामन्यांना इंग्रज पंच उभे राहिले, पण ते सामनेच इंग्लंडात होते म्हणून. तिऱ्हाईत देशाचे पंच नेमायची प्रथा काही पडली नाही.

ती पडायला सुरुवात झाली लाहोरला, आणि त्यात एक माणूस होता आपल्या ठाण्याचा. पिलू रिपोर्टर. आडनाव रिपोर्टर, नोकरी वीज मंडळात आणि नाव झालं ते पंच म्हणून! चौकाराची खूण ते कमरेत पार वाकून करत. प्रेक्षकांना ती इतकी आवडे, की चौकार गेला की फलंदाजाआधी त्यांच्याकडे नजरा वळत.

पाकिस्तानात गेलेले संघ तिथल्या पंचांच्या नावाने बोटं मोडत परतत. आपण जिंकलो तरी श्रेय पंचांना जातं, हे पाकिस्तानचा कर्णधार इम्रान खानला सलत होतं. म्हणून १९८६च्या नोव्हेंबरात वेस्ट इंडिजविरुद्धच्या लाहोर कसोटीला पंच बोलावले गेले, तेही थेट भारतातून: व्ही. के. रामस्वामी आणि रिपोर्टर. पाकिस्तान १३१ आणि ७७. वेस्ट इंडिजच्या एकाच डावात २१८. यजमान तीन दिवसांत एक डाव आणि १० धावांनी हरले आणि पंचांकडे बोट दाखवायची सोयच उरली नाही. माझ्या मते प्रयोगाचं खरं यश हेच.

पुढच्याच वर्षी फैसलाबादला इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग आणि पाकिस्तानी पंच शकूर राणा भर मैदानात भांडले, त्यापायी खेळाचा अख्खा दिवस वाया गेला. १९८९ साली सचिन तेंडुलकर कराचीत पहिली कसोटी खेळला तेव्हा पंच होते इंग्लंडचे जॉन हॅम्पशर आणि जॉन होल्डर. १९९४पासून प्रत्येक कसोटीत एक तिऱ्हाईत पंच आला, २००२पासून दोन्ही.

घरचे पंच सगळे लबाड होते, असं मुळीच नव्हे. कोरोनाच्या काळात स्थानिक पंच पुन्हा उभे राहिले, तेव्हा आभाळ कोसळलं नाही. पण तोवर मदतीला कॅमेरे होते. १९८६ साली पंचाजवळ डोळे, कान आणि तिऱ्हाईतपणा एवढंच होतं.

रिपोर्टर १४ कसोटी आणि २२ एकदिवसीय सामन्यांना उभे राहिले, १९९२च्या विश्वचषकातही. ३ सप्टेंबर २०२३ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, ते ठाण्यातच वारले. ठाणे-कल्याणकडच्या स्पर्धांत उत्कृष्ट फलंदाजाला, गोलंदाजाला, क्षेत्ररक्षकालाही चषक मिळतो. आयोजकांनी एक चषक पंचासाठी ठेवावा आणि त्याला पिलू रिपोर्टर यांचं नाव द्यावं.