थंडीने अडलेल्या गाड्या

विजेच्या मोटारीचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास येतो: बर्फाच्या मुलखात या गाड्या थंडीने बसकण मारतात, मग त्यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा? आक्षेपात तथ्य आहे, पण थंडीत अडणं हे विजेच्याच गाडीचं दुखणं आहे, हे त्यामागचं गृहीत चुकीचं आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात विहिरीवर विजेची मोटर येण्याआधी ज्यांनी डिझेल इंजिनावर रब्बीची ज्वारी भिजवली, त्यांना हे सांगावं लागत नाही. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि पुढच्या दशकांत गावोगावच्या विहिरींवर इंजिनं फटफटू लागली. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेतच तेल पेटतं. पौषातल्या पहाटे लोखंड गार आणि ऑइल घट्ट. दाब मोकळा करणारी खिट्टी उचलून धरायची, हँडल घालून चाक गरगर फिरवायचं, वेग आला की खिट्टी सोडायची; एखादा ठोका पडायचा आणि इंजिन पुन्हा गप्प. मग पाणी तापवून ओता, नाहीतर हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरा, असे उपाय सुरू व्हायचे.

मोटारीच्या इतिहासातही हँडलच निर्णायक ठरलं. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या शहरांत वाफेच्या, पेट्रोलच्या आणि विजेच्या गाड्या एकाच रस्त्यावर धावत होत्या. पेट्रोलची गाडी हँडल मारून सुरू करावी लागे, हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडे, आणि कडाक्याच्या थंडीत तर हात भरून यायचे. विजेच्या गाडीला यातलं काहीच लागत नसे. १९०७ पासून बनू लागलेली डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही गाडी हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः चालवत. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेला विजेचा स्टार्टर बसला आणि चित्र पालटलं. पेट्रोलने विजेला हरवलं ते बॅटरी आणि छोटी मोटर स्वतःच्या पोटात घेऊन. फोर्डची स्वस्त मॉडेल टी, स्वस्त तेल आणि शहराबाहेर वाढत गेलेले रस्ते ही बाकीची कारणं. त्या काळच्या बॅटऱ्या थंडीत मलूल पडत, एडिसनची निकेल-लोखंडाची बॅटरी तर फारच. तरी विजेची गाडी मागे पडली ती मुख्यतः थंडीमुळे नव्हे.

पुढचा पुरावा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९४९ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरचं पेटंट घेतलं. कॅनडा, अलास्का, फिनलंड इथे गाडी उभी करण्याच्या जागी खांबांवर प्लग आले. रात्री गाडी उभी केली की बॉनेटखालून लोंबणारी वायर त्या खांबाला जोडायची, तेव्हा कुठे सकाळी पेट्रोलचं इंजिन चालू होणार. गाडीला रात्रभर प्लग लावून ठेवण्याची रीत थंड मुलखात अशी विजेच्या आजच्या गाडीच्या कितीतरी आधीची आहे.

तरीही विजेच्या गाडीचं नुकसान जास्त होतं, ते का? उत्तर उष्णतेत आहे. पेट्रोल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग इंजिन उष्णता म्हणून फुकट घालवतं, आणि हिवाळ्यात त्याच वाया गेलेल्या उष्णतेवर आतली माणसं ऊब घेतात. विजेची मोटर इतकी काटकसरी की तिच्याजवळ वाया घालवायला फारसं काही नसतं. ऊब बॅटरीतूनच काढावी लागते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये उणे ७ अंशांच्या आसपास चाचणी घेतली. हीटर बंद असताना गाड्यांचा पल्ला सरासरी १२ टक्के घटला, हीटर लावल्यावर ४१ टक्के. म्हणजे बॅटरी गारठण्यापेक्षा आतला हीटरच जास्त खातो. म्हणूनच अनेक गाड्यांत बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारे हीट पंप असतात. गारठलेली बॅटरी घाईने चार्ज केली तर लिथियमचा थर आत साचून ती कायमची बिघडते, म्हणून गाडी आधी तिला तापवते आणि चार्जिंग रेंगाळतं. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत चार्जिंगच्या रांगेत गाड्या अडकल्या, त्यामागे हेही एक कारण होतं.

नॉर्वेची गोष्ट मात्र याच्या उलट जाते. १९८९ मध्ये तिथल्या आ-हा या गायकवृंदातले कलाकार आणि बेलोना ही पर्यावरण संस्था विजेवर चालवलेली फियाट पांडा घेऊन टोल न भरता फिरले. पुढे विजेच्या गाड्यांवरचा आयात कर गेला, टोल गेला, मूल्यवर्धित करही गेला. आपल्या टाटा मोटर्सनेही २००८ मध्ये तिथल्या मिल्यो ग्रेनलँड कंपनीत ५०.३ टक्के हिस्सा घेऊन विजेवरची इंडिका नॉर्वेच्या बाजारात नेण्याचा बेत आखला होता. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के विजेच्या होत्या. तो देश श्रीमंत आहे, त्याची वीज बहुतांश पाण्यावरची आहे, घरोघरी प्लगची सोय आहे, असं कुणी म्हणेल. अगदी खरं. पण मग अडचण थंडीची नाही, सोयीची आणि धोरणाची आहे, हेही मान्य करावं लागेल.

आष्टीत बर्फ नाही. इथे बॅटरीचं आयुष्य खाणार तो एप्रिल-मेचा उन्हाळा. थंडीत कमी पडणारी पण उष्णता बरी सोसणारी लोह-फॉस्फेटची बॅटरी आपल्याकडे म्हणूनही जास्त चालते. नगर-पुणे रस्त्यावरच्या रांजणगावात बनणाऱ्या टाटांच्या विजेवरच्या नेक्सॉनमध्ये तीच असते. थंडी आणि वीज यांची आष्टीत खरी गाठ पडते ती शेतात. शेतीपंपाची लाइट पाळीने येते, आणि रात्रीची पाळी आली की डिसेंबरच्या गारठ्यात, विंचूकाट्यात, माणूस टॉर्च घेऊन ज्वारीला पाणी धरायला जातो. गाडीला रात्रीची वीज चालते, दारात उभी राहून ती निवांत चार्ज होते. पंपाला दिवसाची हवी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून त्याचसाठी आहे: उन्हावरची वीज दिवसा पंपाला मिळावी. तसं झालं तर रात्रीची लाइट दारातल्या गाडीसाठी मोकळी होईल, आणि पाणी धरणारा माणूस पहाटेपर्यंत गोधडीत राहील.