भिंतीबाहेर आलेली ऊब

आज जायचंय अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, फ्लोरेन्स गावात. तारीख १६ जानेवारी १९९२, पहाटेचे ३ वाजून २० मिनिटं. रस्त्यावर उभ्या गाडीत एक सरकारी एजंट थर्मल इमेजर, म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा, घेऊन बसलाय. समोर डॅनी कायलोचं घर. गॅरेजवरचं छप्पर आणि एक भिंत शेजारच्या घरांपेक्षा बरीच गरम दिसली. एजंटचा अंदाज, आत दिव्यांखाली गांजा पिकतोय. खबऱ्यांची माहिती आणि विजेची बिलं हाताशी होतीच, त्यात हे चित्र जोडून वॉरंट मिळवलं. आत १०० हून जास्त झाडं सापडली!

कायलोचा अर्ज असा, की वॉरंटशिवाय कॅमेरा रोखणं हीच झडती, तेव्हा तो पुरावा बाद करा. (आपल्याकडे १९७३ च्या पूरणमल निकालापासून झडती बेकायदा एवढ्यावरून पुरावा बाद होत नाही. तिथे होऊ शकतो.) अर्ज फेटाळला. मग त्याने गुन्हा कबूल केला, पण या फेटाळण्याविरुद्ध अपिलाचा हक्क राखून. अपील कोर्टातही शेवटी हरला. सुप्रीम कोर्टात मात्र ११ जून २००१ ला ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकला.

गंमत बघा, निकाल लिहिला कट्टर परंपरावादी स्कॅलियांनी, सोबत गिन्सबर्ग! विरोधात उदारमतवादी स्टीव्हन्स. त्यांचं म्हणणं, उष्णता तर आपणहून भिंतीबाहेर आली होती; छपरावरचा बर्फ लवकर वितळला तर शेजाऱ्यालाही कळतंच की. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण स्कॅलियांची नजर त्या ओबडधोबड यंत्रावर नव्हती, पुढे येणाऱ्या यंत्रांवर होती. आज ऊब मोजू दिली, तर उद्या भिंतीपलीकडचं सगळंच दिसेल.

फक्त नियमात त्यांनी एक अट ठेवली: तंत्रज्ञान सर्वसामान्यांच्या वापरात नसेल तर. इंजिनिअर म्हणून मला इथेच बग दिसतो. आज थर्मल कॅमेरा मोबाइलला जोडता येतो. म्हणजे यंत्र स्वस्त झालं की घराचं संरक्षण पातळ होणार?

आणि कायलो लगेच सुटला नाही. प्रकरण खाली परत गेलं: ते चित्र वगळा, आणि उरलेल्या बिलांवर नि खबरींवर वॉरंट टिकतं का ते बघा.